गाजरांची पिशवी

स्नेहलने पिशवी उपडी केली तशी गाजरं सुपात घरंगळली आणि दोन-तीन कडेवरून उडी मारून थेट अंगणात गेली. गोजरबाईंनी ती गोळा केली, पदराला पुसून पुन्हा सुपात ठेवली आणि स्नेहलच्या हातातून रिकामी पिशवी काढून घेतली. पिशवी आत गेली. आता ती बाहेर येईल तेव्हा तिच्यात काहीतरी असणार, हे स्नेहलला पाठ झालं होतं. दर मंगळवारी ती म्हणायची, आजी, आज काही घालू नका. आणि दर मंगळवारी गोजरबाईंना नेमकं तेवढ्यापुरतं ऐकू येत नसे.

पिशवी आली. तळाशी भाताचा पेंढा होता आणि पेंढ्यात चार अंडी.

"तुमच्या ल्येकीला द्या," गोजरबाई म्हणाल्या. "रिकामी पिशवी परत देऊ न्हाई."

ही रीत काही स्नेहलला नवी नव्हती. तिकडे महाळुंगे पडवळला तिची आई, कुशाबाई, शेजारणीची वाटी परत करताना चिमूटभर साखर तरी घालायचीच; घरात साखर नसली तर वाटी दोन दिवस ठेवून घ्यायची. त्यामुळे अंडी नाकारणं तिच्या जिवावर यायचं. खरं सांगायचं तर तिला ती नाकारावीशी वाटतही नव्हती. जूनमध्ये या डोंगरात नर्स म्हणून बदली झाली तेव्हा लोक तिच्याशी दारातूनच बोलायचे. कार्तिकात एका घरातून पेंढ्यात गुंडाळलेली अंडी मिळू लागली, तेव्हा आपलं इथे कुणीतरी झालं, असं तिला वाटलं आणि त्याचा तिला अभिमानही वाटला.

वाडी आहुप्याच्या वाटेवर होती. सकाळच्या एसटीने यायचं, मधेच उतरायचं, पाऊण तास चढ चढायचा आणि परतीची गाडी गाठायला दुपारी तोच चढ उतरायचा. कार्तिकातल्या एका मंगळवारी ती गाडी आलीच नाही. स्नेहलला पुन्हा चढ चढून वाडीतच मुक्काम करावा लागला, आणि त्यामुळेच तिच्या लक्षात आलं.

गोजरबाईंची नात जया अंगणात पोरांबरोबर खेळत होती. चार वर्षांची, हाडापेराने बारीक, बोलायला चुरुचुरु. सूर्य डोंगराआड गेला तशी बाकीची पोरं पळतच राहिली आणि जया होती तिथे खाली बसली. पोरं तिला चिडवून गेली तरी उठली नाही. स्नेहलने तिच्यापुढे हातभर अंतरावर एक पेला ठेवला आणि तो दे म्हणाली. जया हाताने जमीन चाचपत राहिली. गोजरबाई म्हणाल्या, सांजंला घाबरती ती, आईबाप न्हाईत ना जवळ. तिचा बाप भागू आणि आई दिवाळीआधीच पिंपरी पेंढारला टोमॅटो तोडायला गेले होते. ते होळीला येणार होते.

दुसऱ्या खेपेला स्नेहलने उजेडात बघितलं. पोरीच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात, कडेला, साबणाच्या फेसासारखा ठिपका होता. प्रशिक्षणात पुस्तकातल्या चित्रात तिने तो पाहिला होता, आणि त्यावरचं औषधही तिला माहीत होतं. अ जीवनसत्त्वाचं सिरप. बाटलीबरोबर चमचा येतो, मापाने पाजायचं, झालं. फक्त ती बाटली श्रावणापासून उपकेंद्रात नव्हती. महिन्याच्या बैठकीत विचारलं तर वरूनच आली नाही म्हणाले. पुढच्या बैठकीत तेच उत्तर जरा चिडून दिलं. शिवाय त्यांच्या तक्त्यात तीन वर्षांपुढच्या मुलांना रकानाच नव्हता, म्हणजे बाटली आली असती तरी जया त्यात कुठे बसली असती कोण जाणे. घोडेगावच्या मेडिकलवाल्याने गोळ्या मागवतो सांगितलं आणि तो मागवतच राहिला. तालुक्याच्या दवाखान्यात चला म्हणून तिने गोजरबाईंना दोनदा विनवलं. पण एसटी एकच, गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परतणार, आणि घरात चार शेळ्या आणि बघायला कुणी नाही. भागू आल्यावर जाऊ, असं ठरलं.

मग उरलं काय, तर उपकेंद्राच्या भिंतीवरचा तक्ता. त्यावर पपई, पालक आणि मधोमध एक लालभडक गाजर. त्या गाजराला चित्रकाराने दोन टपोरे डोळेही काढले होते.

गाजराची तिला काही कमी नव्हती. तिचे वडील सयाजी गाजराचे शेतकरी, आणि गाजराचे भक्तही. रक्ताला गाजर, पोटाला गाजर, डोळ्याला तर गाजरासारखं दुसरं काही नाहीच. सकाळी रानात गेले की एक उपटायचं, धोतराला माती पुसायची आणि कडाकडा खायचं. पासष्टाव्या वर्षी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो, हे ते आल्यागेल्याला सुई आणून दाखवायचे. कुशाबाईंचं म्हणणं होतं की दोरा ओवतात, पण सुई सापडत नाही. लेकीने डोंगरातल्या पोरीची हकीकत सांगितली तेव्हा सयाजी गंभीर झाले. रोज दोन द्यायला सांग, म्हणाले, आणि दर रविवारी गाजरं धुऊन, पाला काढून, निवडक अशी घोडेगावला लेकीच्या खोलीवर पोचती करू लागले.

अशी ती पिशवी सुरू झाली.

वाडीत आधी बायकांनी चेष्टा केली. नर्सबाई सुया टोचायचं सोडून भाजी विकायला लागल्या, असं कुणीतरी म्हटलं. पण गोजरबाईंनी स्नेहलचा शब्द खाली पडू दिला नाही. सकाळी एक, दुपारी एक. जया ते धरून दिवसभर कुरतडायची, चोखायची, कधी खेळताना कुठेतरी विसरायची, मग आजी ते शोधून धुऊन पुन्हा तिच्या हातात द्यायची. एखाद्या मंगळवारी स्नेहल चढ चढून वर आली की जया लांबूनच हातातलं गाजर उंच करून दाखवायची. स्नेहलला ते बघून इतकं बरं वाटायचं की तेवढ्याने अर्धं औषध झालं, असं तिने धरूनच चालावं.

इकडे अंडी घरी यायची. स्नेहलची मुलगी समृद्धी जयाच्याच वयाची, आणि जेवणाच्या बाबतीत नाक मुरडणारी. दूध नको, भाजी नको, वरणात जिरं दिसलं तरी ताट लांब. पण त्या अंड्यांचा पिवळाजर्द बलक तिला काय आवडला! तव्यावर अंडं फुटल्याचा आवाज आला की हातातलं टाकून यायची. दोन महिन्यांत तिचे गाल वर आले. स्नेहलचा नवरा गोरख गमतीने म्हणायचा की लोक डोंगरातल्या बदलीला रडतात आणि आपल्या पोरीला बदलीनेच बाळसं आणलं. स्नेहल हसायची. गोजरबाईही दर खेपेला समृद्धीचं नाव घेऊन विचारायच्या, खाती का आता नीट? खाते म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

पौष आला तरी जया अंधारात बसतच होती. ठिपका होता तसाच होता, कदाचित थोडा पसरलाही होता. स्नेहलने रात्रंदिवस त्याचाच विचार केला आणि तिला वाटलं, गाजरं कमी पडत असतील. म्हणून तिने मोठी पिशवी केली. सयाजींनी ती काठोकाठ भरून दिली. जड पिशवी घेऊन चढताना तिचा खांदा भरून यायचा, पण त्या दुखण्याचंही तिला समाधान होतं. बाटली देता येत नाही, रकाना बदलता येत नाही, निदान हे तर आपल्या हातचं आहे.

पिशवी मोठी झाली तशी तिच्यातून परत येणारी अंडीही वाढली. चाराची सहा झाली. एवढी कशाला, असं तिने विचारलं. गोजरबाई म्हणाल्या की एवढ्या मोठ्या पिशवीत चार अंडी म्हंजी लाज वाटती.

माघाच्या शेवटी वाडीत गोवर आला. जयाच्या कार्डावर गोवराच्या लसीची जागा कोरी होती. ती लस टोचायच्या वर्षी आईबापांनी तिला पाठीशी बांधून कामाला नेलं होतं आणि ज्या गावात काम होतं तिथल्या नर्सला ही पोर कुणाची ते माहीत नव्हतं. मंगळवारी स्नेहल पोचली तेव्हा गोजरबाईंच्या दाराला लिंबाचा डहाळा होता. घरात गोवर असला की चुलीवर फोडणी द्यायची नाही, म्हणून चार दिवस नुसती पेज चालली होती. आत अंधारात जया भिंतीकडे तोंड करून पडली होती. दार उघडलं तशी तिने डोळ्यांवर हात घेतले आणि कण्हली.

स्नेहलने तिला मांडीवर घेतलं, उजेडाकडे पाठ करून, आणि हलक्या हाताने डाव्या डोळ्याची पापणी वर केली. काळ्याचा काळेपणा गेला होता. तिथे धुरकट पांढरं काहीतरी होतं, कडा ओल्या आणि लाल. तिने पापणी मिटवली आणि गोजरबाईंना म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघायचं.

त्या दिवशी शेळ्या शेजारच्या जानकूच्या हवाली झाल्या. गोजरबाईंनी प्रश्न विचारला नाही. स्नेहलने जयाला पदराखाली झाकून घेतलं आणि दोघी चढ उतरल्या.

तालुक्याच्या दवाखान्यातले डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते, आवाज मोठा, हात मात्र हलका. त्यांनी बॅटरीने दोन्ही डोळे बघितले, थेंब घातले, डाव्यावर पट्टी बांधली. कपाटातून कॅप्सूल काढून ती टोचली आणि तिच्यातलं औषध जयाच्या जिभेवर पिळलं. इतकंच होतं ते, चार थेंब. स्नेहल त्या रिकाम्या कॅप्सूलकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, उजवा वाचेल बहुतेक, उद्या एक डोस आणि पंधरा दिवसांनी एक. डाव्यात फूल पडणार. ते आता जायचं नाही, त्या डोळ्याने दिसायचं नाही.

गोजरबाईंना कळलं. त्यांनी फक्त मान हलवली, आणि जयाचं झबलं नीट केलं.

मग डॉक्टर खुर्चीत बसले, कागद ओढला आणि लिहिता लिहिता विचारलं, "पोरीला खायला काय देत होता?"

गोजरबाई ताठ झाल्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे होतं. "नाचणीची भाकर, भात," त्या म्हणाल्या, "आन गाजर. रोज दोन गाजरं. बाई सोता खांद्यावरून आणत्यात. एक दीस चुकवला न्हाई."

"गाजर चांगलंच आहे. पण नुसतं कच्चं चोखून अशा पोरीच्या अंगी किती लागणार? त्याला थोडं तेलतूप लागतं सोबत." डॉक्टरांनी मान वर केली. "अंडं वगैरे? ते कधी देत होता का?"

"देत व्हते की. कोंबडीनं घातलं की जयीलाच. दिवाळीपत्तोर."

"मग बंद का केलं?"

टेबलाच्या या बाजूला स्नेहल उभी होती. वाडीतल्या प्रत्येक घराचा फॉर्म तिने भरला होता. पाणी कुठलं, संडास आहे का, मुलं किती, आजार कोणते. या घरात कोंबड्या किती आहेत आणि त्यांची अंडी कोण खातं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. दिवाळीच्या आधीही नाही आणि नंतर दर मंगळवारी ती अंडी हातात घेतानाही नाही. पेंढ्यातली पहिली चार, मग जड पिशवीतली सहा. गावरान कोंबड्यांची आठवड्याची अंडी होऊन होऊन किती होतात? तिने टेबलाची कड धरली.

गोजरबाईंनी तिच्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. मग डॉक्टरांकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या,

"कोंबडी खुडूक बसली."

"खुडूक? दिवाळीपासून?"

"व्हय."

"चार महिने?"

"चार म्हैने," गोजरबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेही खेड्यातलेच असावेत. अंड्यांवर तीन आठवडे बसणारी कोंबडी आपण पाहिली आहे, म्हणाले, चार महिने बसणारी आजच ऐकतो. मग त्यांनी गोजरबाईंशी बोलणं सोडलं आणि ते स्नेहलशी बोलू लागले, जणू ती म्हातारी तिथे नव्हतीच. बाजारात गेली असणार अंडी. गावरान म्हटलं की शहरातले लोक तुटून पडतात. लेकराच्या तोंडचं काढून विकतात आणि मग डोळा गेला की इथे येतात. तुम्ही बिचाऱ्या एवढ्या वर चढून जाता, स्वतःच्या खांद्यावर गाजरं नेता, पण ऐकणारं कुणी नको का?

"व्हय," गोजरबाई खाली बघत म्हणाल्या. "बाईंनी समदं सांगितलं व्हतं. माजंच चुकलं."

स्नेहलला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, अगदी साधं, सहा-सात शब्दांचं. सर, ती अंडी माझ्या घरी जात होती. एवढं म्हटलं असतं तर म्हातारीच्या माथी आलेलं ते बालंट तिथल्या तिथे उतरलं असतं. तिने तोंड उघडलंही. डॉक्टर तिच्याकडे कौतुकाने बघत होते. ती म्हणाली, "पुढच्या डोसला हिला मी स्वतः घेऊन येईन, सर." आणि आपला आवाज किती नीट निघाला, याची तिला शिसारी आली.

औषधाच्या खिडकीपुढे रांग होती. गोजरबाई कागद घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि स्नेहल जयाला घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. थोड्या वेळाने तिला राहवलं नाही. जयाला कडेवर घेऊन ती रांगेपाशी गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"आजी, तुम्ही असं का सांगितलंत?"

"मंग काय सांगू?" गोजरबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. "तुमची नोकरी हाय. तुमी काय मागून घेतली व्हती का? आमीच दिली."

"पण जयाला ठेवायची होती. दोन तरी ठेवायची."

"येखादं उरलं तर देत व्हते. मंग पिशवी मोठी झाली." त्या रांगेत एक पाऊल पुढे सरकल्या. "आन तुमीच म्हणलावता, डोळ्याला गाजर. मला वाटलं, अंडं काय, पोटाला. गाजर मिळतंय तर अंडं गेलं तरी चालंल."

स्नेहल परत बाकावर येऊन बसली. समोर आवारात ऊन होतं, कुणीतरी सायकल धूत होतं, आणि खोलीवर या वेळी समृद्धी शाळेतून आली असेल. आज मंगळवार. आज तिला तव्याची आठवण येणार.

जया तिच्या छातीला टेकून बसली होती. तापाने गरम, पण बोलायला आता जरा हुशारी आली होती. पट्टीखालच्या डोळ्याला हात लावू नको म्हटलं तसा तिने हात खाली घेतला आणि स्नेहलच्या बांगड्यांशी चाळा करू लागली. एकेक बांगडी वर सरकवायची, खाली सोडायची. मग उजवा डोळा किलकिला करून तिने वर बघितलं.

"बाय, समुर्दीला अंडी आवडत्यात का?"

स्नेहलने तिच्या तापलेल्या कपाळावरचे केस मागे सारले.

"आजी म्हंती ती समुर्दीची हायेत. मागायची न्हाईत." जयाने पुन्हा बांगडी वर सरकवली. "आवडत्यात का तिला?"

"आवडतात," स्नेहल म्हणाली.

जयाने मान डोलावली, समजूतदारपणे, एखाद्या मोठ्या बाईसारखी.

"मला बी," ती म्हणाली.